उरलेला खडा

आमच्या दगडखाणीत सुरुंग उडवणाऱ्याला सगळे कानवाले म्हणत. डोंगराच्या पोटात कुठे काय फुटलं ते त्यांचा कान सांगे. बत्तीस वर्षांत त्यांच्या खाणीत कुणाला साधं खरचटलं नव्हतं, आणि हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत. आम्हालाही ऐकायला बरं वाटे. अशा माणसाच्या भरवशावर काम करताना आपलीही छाती जरा रुंद होते.

ज्या काकांनी त्यांना हे काम शिकवलं, ते गाफील हा शब्द फार जपून वापरत. नवख्याचं काही चुकलं तर म्हणत, "शिकतोय अजून." आळशाला आळशी म्हणत, विसराळूला विसराळू. गाफील मात्र फक्त तरबेज माणसाला. "ज्याला येत नाही तो भितो, आणि भितो तो जागा असतो. गाफील व्हायला आधी हात बसावा लागतो."

त्याच काकांनी एक पद्धत घालून दिली होती. जितके सुरुंग, तितके खडे खिशात घ्यायचे. वाती पेटवून आडोशाला आलं की प्रत्येक आवाजाला एक खडा खाली टाकायचा. खिसा रिकामा झाल्याशिवाय खाणीत कुणी उतरायचं नाही. कानवाल्यांनी हे आपल्या जावयाला शिकवलं आणि स्वतः सोडून दिलं. चार वर्षांपूर्वी सदऱ्याचा खिसा फाटला, तो फाटकाच राहिला. "माझे खडे कानात आहेत," म्हणायचे.

जावई आमच्यातच ड्रिल मशीन चालवायचा. सुरुंग उडाले की सैल दगड पाडायला पहिला उतरायचा तोच.

त्या दुपारी नऊ सुरुंग होते. धडाधड आवाज झाले, धूर विरला. कानवाले सदरा झटकत उठले.

"झाले नऊ. चला, उतरा."

जावई जागचा हलला नाही. "मामा, एक खडा उरलाय."

"पाचवा आणि सहावा एकदम उडाले. जोडआवाज होता तो. कळतो मला."

"असेल. पण खडा खिशात आहे."

"जावईबापू, तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून ऐकतोय मी हे!"

खडी फोडणारी मावशी मागून म्हणाली, "उन्हात उतरायचं जिवावर आलंय तर तसं सांगा की! खड्यांचं नाव कशाला पुढे करता?"

सगळे हसले. जावई लालबुंद झाला, पण तिथून हलला नाही.

हसण्याने कानवाल्यांना चेव आला. "मग मीच जातो," म्हणून त्यांनी पहार उचलली. जावयाने पटकन उठून तिचं दुसरं टोक धरलं.

"जा. पण आधी घरी जाऊन तुमच्या लेकीला सांगून या. मला नाही जमणार तिला सांगायला."

पहार दोघांच्या हातात तशीच राहिली. मग कानवाले पुटपुटत खाली बसले. "घ्या, बसतो अर्धा तास. चहा तरी पाजा कुणी."

मावशी कपात चहा ओततच होती, तोच डोंगर हादरला.

जावई रोज जिथे पाय रोवून उभा राहायचा, नेमकी तीच कड सुटून खाली आली. धूळ आमच्या चहात येऊन बसली. जावयाने खिशातला खडा काढला आणि खाली टाकला. तो पडल्याचा एवढासा आवाजही सगळ्यांना ऐकू आला.

मावशी हसता हसता रडायला लागली. कानवाले मात्र जावयाच्या खांद्यावरून, पाठीवरून, डोक्यावरून हात फिरवत राहिले, सगळं जागच्या जागी आहे ना ते बघत असल्यासारखे.

"गाफील," ते शेवटी म्हणाले. "काका असते तर आज मला म्हणाले असते." आणि बत्तीस वर्षांत सोडला नसेल असा लांब श्वास त्यांनी सोडला.

घरी गेल्या गेल्या त्यांनी सदरा काढून लेकीपुढे धरला. "खिसा शिवून दे."

"चार वर्षं मागतेय, तेव्हा म्हणे खिशात ठेवायला आहे काय!"

"मजबूत शिव. नऊ खडे मावले पाहिजेत."

दारात चपला काढता काढता जावई म्हणाला, "जरा मोठाच शिव गं. उद्या अकरा आहेत."