बाबांनी लावून दिलेलं ॲप

बाबा वीजखात्यात लाईनमन होते. निवृत्तीनंतर अल्लीपुरात आपल्याला कोणी विचारत नाही, अशी त्यांची कुरकुर असे. खरं तर ओलिताची लाईन, म्हणजे शेतातल्या पंपांची वीज, कधी येणार हे विचारायला लोक अजूनही आमच्याच दारात येत आणि बाबांनी वेळ सांगितली की डबा बांधून वावरात जात. त्यांच्या शब्दाला तेवढा मान होता, आणि त्याची त्यांना जरा मिजासही होती.

त्या वर्षी मी घरून काम करायला गावी आले होते. मोबाईलची ॲप बनवणं हेच माझं पोटापाण्याचं काम. म्हटलं, बाबांसाठी एक छोटं ॲप करू. सबस्टेशनवरच्या जुन्या सोबत्याकडून वेळ कळली की बाबा ती टाईप करतील, बटण दाबतील, आणि शेतकऱ्यांच्या फोनवर सूचना वाजेल. बाबा इतके खूश झाले की स्वतः घरोघरी जाऊन लोकांच्या फोनमध्ये ते लावून देऊ लागले. "माह्या पोरीनं बनवलं, डोळे झाकून भरोसा ठेवजो," असं सांगत फिरले.

आठवड्याभरात तक्रारी सुरू झाल्या. शेजारचे काका पानटपरीवर चारचौघांत म्हणाले, "लाईनमनभाऊ, तुमच्या पोरीचं ॲप काही वाजून नाई राह्यलं. माही ओलिताची पाळी गेली, हरभरा सुकून राह्यला." बाबा तिथून तडक घरी आले. रात्री त्यांच्या ताटातलं भरलं वांगं तसंच राहिलं, तेव्हा मला कळलं की हे त्यांना फार लागलंय.

मी दोन दिवस लॅपटॉपला चिकटून होते. सर्व्हर तपासला, फोनमधल्या परवानग्या पाहिल्या, बॅटरी वाचवण्याची सेटिंगही उलटसुलट करून झाली. सूचना जात होती, माझ्या फोनवर वाजतही होती. वैतागून मी आईवर खेकसले, तिचा काही संबंध नसताना. शेवटी कोणाकडे वाजतं आणि कोणाकडे नाही, हे विचारत गावात फिरले. ज्यांनी आपलं आपण लावलं होतं, त्यांचे फोन वाजत होते. बाबांनी लावून दिलेला एकही वाजत नव्हता.

"बाबा, तुम्ही लोकाईले काय सांगितलं?"

"काय सांगतो? काम झालं का फोर्स स्टॉप करजा. असं चालू ठेवाची गोष्ट हाय का ते?"

मला हसू आवरेना. खांबावर चढण्याआधी फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकायचा, म्हणजे मागून कोणी लाईन चालू करत नाही. याच सवयीनं ते नोकरीभर जिवंत राहिले होते. तोच नियम त्यांनी ॲपला लावला आणि गावालाही शिकवला. पण फोनच्या सेटिंगमधून तसं सक्तीनं बंद केलेलं ॲप कोणी पुन्हा उघडेपर्यंत त्याच्याकडे सूचना पोचतच नाही.

हे समजावून सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. मग माझंही हसू गेलं.

"सर्व्हर बिघडला होता, असं सांगून टाकू," मी म्हटलं.

"काऊन?"

"तुमचं नाव खराब होईन, बाबा."

बाबांनी चपला घातल्या. "लाईनवर चूक लपवली का माणूस मरते, बाई."

ते पुन्हा त्या सगळ्या घरांत गेले. फोन दुरुस्त करायला मी मागोमाग. प्रत्येक दारात त्यांचं एकच बोलणं, "पोरीचं ॲप बरोबर होतं. म्याच तुमाले उलटं सांगितलं." शेजारच्या काकांच्या ओसरीवर त्यांचा आवाज अडखळला. काकांनी खुर्ची पुढे केली.

आता बाबा नाहीत, मी पुण्यात असते. ऑफिसात काही बिघडलं की जो तो आधी आपली बाजू सावरतो, मीही सावरते. तेव्हा ते दिवस आठवतात आणि स्वतःची लाज वाटते. आयुष्यभर कमावलेली शब्दाची पत बाबा दारोदार उतरवून ठेवत होते, आणि मी मागे उभी राहून लोकांच्या फोनमध्ये डोकं खुपसून होते. एकदा तरी मान वर करून त्यांच्याकडे बघायला हवं होतं.