सुजाताचा चौकोन

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. तुमच्याजवळ का बोलतेय — तेही नीट सांगता येणार नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनही असेल.

मी गणित शिकवते. आता लातुरात, त्याआधी रेणापूरच्या पुढं एका गावात. त्या शाळेची आठवण आली की मला आधी उजेड दिसतो. हिवाळ्यातली दुपार, जेवणाची सुट्टी संपलेली, वर पत्रे तापून कुरकुरतायत, खिडकीतून हरभऱ्याच्या रानाचा आंबूस वास येतोय. आठवीची पोरं पेंगलेली. मीही — उभ्या उभ्या. ए वर्ग वजा बी वर्ग, बरोबर कंसात ए अधिक बी, कंसात ए वजा बी. मी म्हणायची, पोरं मागून म्हणायची. एका सुरात, आरतीसारखं. माझाच आवाज मला लांबून, विहिरीतून आल्यासारखा वाटायचा. अर्थ कुणी विचारायचं नाही. मी शिकले तेव्हा मी तरी कुठं विचारला होता?

सुजातानं विचारला.

खिडकीशी बसायची. गावच्या भीमनगरातली, वडील ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी सोडायचे. बारीक चणीची, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची सवय. उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पण असं का होतं?"

"सूत्र आहे ते. पाठ कर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या कॅलेंडरचा जाड कागद घेऊन आली. आणि कात्री. "मॅडम, दाखवू का?" मी हो म्हटलं — का म्हटलं कुणास ठाऊक, बहुतेक झोप उडेल म्हणून. टेबलाशी येऊन तिनं एक मोठा चौकोन कापला. "ही बाजू ए." मग त्याच्या कोपऱ्यातून एक छोटा चौकोन कापून बाजूला टाकला. "हा बी चा. हा गेला. आता उरलं ते आपलं." उरला होता कोपरा गेलेला, वेडावाकडा कागद. तिनं त्याला सरळ एक काप दिला. दोन पट्ट्या झाल्या, एक लांब, एक आखूड. आखूड पट्टी फिरवून तिनं लांब पट्टीच्या टोकाला लावली. "बगा मॅडम. आता ह्याची लांबी ए अधिक बी, आन् रुंदी ए वजा बी. म्हणून तसं होतं."

अख्खा वर्ग जागा झाला होता. सगळे माझ्याकडं बघत होते. आणि मला — आता सांगूनच टाकते — मला ते कळलं नाही. त्या क्षणी अजिबात कळलं नाही. कागद माझ्या डोळ्यांसमोर पाण्यात हलल्यासारखा हलत होता. पोरं वाट बघत होती. मला भीती वाटली. एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची भीती.

"गणितात कात्री चालत नसते," मी म्हटलं. "चूक आहे. खाली बस."

पोरं हसली. त्या दिवसापासून तिचं नाव 'कात्री' पडलं. मधल्या सुट्टीत मैदानावरून हाक यायची — ए कात्री! मी ऐकायची. मी कधी कुणाला गप्प केलं नाही. पोलीस पाटलांच्या मुलीनं तो कागद आणला असता तरी मी असंच बोलले असते का? या प्रश्नाशी मी फार वेळा आले आहे, आणि दर वेळी मागं फिरले आहे. उत्तर मला माहीत आहे म्हणून.

पण मला सांगायचं आहे ते हे नाही. एवढंच असतं तर मी विसरले असते. वर्गात कुठला शिक्षक कधी चुकत नाही?

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात चहा ठेवता ठेवता मी वर्तमानपत्राचा चौकोन कापला. कोपरा काढला. काप दिला. पट्टी फिरवून लावली. आणि ती बसली — अशी अलगद बसली की मला हुंदका आला. इतकी वर्षं मी जे नुसतं घोकून घेत होते ते ओट्यावर, चहाच्या डागाशेजारी, उघड पडलं होतं. चहा उतू गेला. खरं सांगू? गणिताचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता, नंतरही नाही. तो मला त्या पोरीनं दिला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. सुजाताचं बरोबर होतं. एवढंच. मी फळ्यावर पुढचा धडा लिहिला.

त्याच हिवाळ्यात नांदेडला शिक्षकांनी बनवलेल्या साहित्याचं प्रदर्शन होतं. मी जाड पुठ्ठ्याचा चौकोन केला, रंगीत पट्ट्या, मागं चुंबक. परीक्षक वयस्क होते, शांत. त्यांनी पट्टी दोनदा फिरवून बघितली, हसले. म्हणाले, "ही रीत जुनीच आहे, पुस्तकांत सापडते. पण तुम्हाला कशी सुचली?"

"अशीच सुचली, सर. घरी काम करताना."

पहिला नंबर आला. पुढं बरीच वर्षं मी त्या 'जुनीच आहे'चा आधार घेत राहिले. पुस्तकांत आहे, तर मग तिची कशी? पण तिनं कुठलं पुस्तक बघितलं होतं? तिच्यापुरती ती त्या कॅलेंडरवर पहिल्यांदाच जन्मली होती.

वर्तमानपत्रात माझा फोटो आला, हातात तो चौकोन. मुख्याध्यापकांनी कात्रण सूचना फलकावर लावलं. सुजाता त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. मग स्टाफरूमच्या दाराशी आली. मी एकटीच होते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता हो — राग असता तर बरं झालं असतं. आशा होती.

"मॅडम, म्हंजे माझं बरोबर होतं व्हय?"

आता इथं मला थांबावंसं वाटतं. पण इथवर आणलंय तुम्हाला.

मी म्हटलं, "नाही. तुझं वेगळं होतं. तुझं चुकलं होतं."

तिनं मान हलवली. तिला तो कागद आठवत असणार, काप आठवत असणार. पण मॅडम म्हणतायत म्हटल्यावर — तिनं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. "हाव मॅडम," म्हणाली आणि गेली. त्यानंतर वर्गात तिनं कधी हात वर केला नाही.

तेव्हा नववीला बीजगणित-भूमितीऐवजी सामान्य गणित घेता यायचं, कच्च्या मुलांसाठी. ते घेतलं की सायन्सची वाट बंद. मुख्याध्यापकांनी विचारलं, "ही पोरगी चलाख वाटते, हिला बीजगणितच ठेवायचं ना?" मी म्हटलं, "तिला झेपायचं नाही." सामान्य गणित दुसरे सर घ्यायचे, आणि मला ती माझ्या तासाला समोर नको होती.

मग लातूरला बदली झाली. वर्षं गेली. कधी स्वप्नात पट्ट्या दिसायच्या, पांढऱ्या उजेडात फिरणाऱ्या, कुठंच न बसणाऱ्या.

गेल्या हिवाळ्यात मी नांदेडला भाचीकडं निघाले होते. दुपारची एसटी. अहमदपूर गेलं, तुरीची रानं मागं सरत होती, ऊन मांडीवर आलेलं, मी अर्धवट झोपेत. कंडक्टर बाई जवळ आली. खाकी कपडे, खांद्याला तिकिटाचं मशीन.

"मॅडम! वळखलं का? मी सुजाता."

ओढणी नव्हती, पण बोटाला मशीनचा पट्टा गुंडाळत होती. तिनं चालत्या गाडीत वाकून माझ्या पायाला हात लावला. मला पाय मागं घेता आले नाहीत. शेजारच्या बाईला कौतुकानं म्हणाली, "ह्या आमच्या गणिताच्या मॅडम. मी लई कच्ची होते बगा गणितात. कायबी कापत बसायची. ह्यांनीच मला सोपं गणित घ्यायला लावलं, म्हणून धाव्वी निघाली. न्हाईतर कुठली नोकरी आन् कुठलं काय!"

शेजारची बाई माझ्याकडं बघून हसली. "अशे शिक्षक आता न्हाईत राह्यले," म्हणाली.

सांगता आलं असतं. लोहा यायला वेळ होता, गाडीत गर्दी नव्हती, सुजाता माझ्या सीटला टेकून उभी होती. तुझं बरोबर होतं — तीन शब्द. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "मुलं किती आहेत तुला?"

"एक मुलगी हाय, मॅडम. तिचंबी गणित माझ्यावानीच," ती हसत म्हणाली आणि पुढच्या सीटकडं गेली.

नांदेडला उतरताना तिनं माझी पिशवी खाली घेऊन दिली. तेव्हापासून नांदेडला जायचं झालं की मी रेल्वेनं जाते. फेरा पडतो, वेळ जास्त लागतो. तरी रेल्वेनंच जाते.