मधल्या रेषेपासून अठरा फूट

नरहर मोघे कचेरीत नकाशे काढायचा. त्याचे पूर्वज भोसल्यांच्या अमलात दप्तर सांभाळायला नागपूरहून रायपूरला आले आणि बूढ्या तलावाजवळ, बूढापारा नावाच्या मोहल्ल्यात राहिले. घरातले बाकीचे पुरुष लिहिण्यात हुशार; नरहरचा हात रेषेचा. शाईची इतकी सरळ, एकसारखी रेघ दुसऱ्या कुणाला ओढता येत नाही, असं कचेरीत सगळे म्हणत.

दोन हजार साली छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं. कचेरीत पेढे वाटले गेले. वर्षभरात शहर माणसांनी आणि गाड्यांनी भरून गेलं. बूढापाऱ्याच्या गल्लीत मात्र दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला कुणाच्या तरी ओट्याला चिकटून उभं राहावं लागे. तिथला रस्ता रुंद करायचा हुकूम निघाला आणि मोजणीचं काम नरहरकडे आलं. मी तिथलाच आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा, असं त्यानं साहेबांना सांगून पाहिलं. तिथलाच आहेस म्हणून तर कुणी भांडणार नाही, असं साहेबांचं म्हणणं पडलं.

रस्त्याच्या मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना अठरा फूट मोजायचं आणि जी भिंत आत येईल तिच्यावर लाल निशाण करायचं. पहिल्या दिवशी लोकांनी चहा दिला. निशाणं दिसू लागल्यावर दारं लोटली जाऊ लागली. तिसऱ्या दिवशी तो शारदाबाईंच्या घराशी पोचला.

शारदाबाई सत्तरीच्या, एकट्या राहत. घराच्या पुढच्या खोलीत त्या पंचेचाळीस वर्षं बालवाडी चालवत होत्या. मराठ्यांची, बंगाल्यांची, छत्तीसगढींची, साऱ्या पाऱ्याची पोरं तिथं अक्षरं शिकली. नरहरही तिथंच शिकला होता. त्या दिवशी फीत धरायला शिपाई नव्हता, तर बाईंनीच टोक धरलं. माप खोलीच्या मागच्या भिंतीच्या दोन फूट अलीकडे येऊन थांबलं; जवळजवळ सगळी खोली आत येत होती.

"पुन्हा मोज बरं," बाई म्हणाल्या.

त्यानं तीनदा मोजलं. फरक पडला नाही.

"बाई, माझ्या हातात काही नाही."

"हव, मले माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण हात तर तुझाच आहे ना."

त्या रविवारी नरहरनं घरी बसून दुसरा नकाशा काढला. समोर सरकारी जागा पडीक होती. तिथं रस्ता सहा-सात फूट सरकवला तर बरीचशी खोली वाचत होती. साहेबांनी नकाशा पाहिला, हाताचं कौतुक केलं आणि तो फायलीत ठेवला. नरहर रोज विचारायचा. वर गेला आहे, एवढंच उत्तर मिळायचं. महिन्याभरानं पाडायची तारीख आली ती जुन्याच नकाशावर.

त्यात नरहरचं घर गल्लीच्या वळणावर, जरा आत. ते मापात येतच नव्हतं. स्वतःचं तेवढं बरोबर वाचवलं, अशी कुजबुज सुरू झाली. त्यानं नाक्यावरच्या पानवाल्या गंगाधरला नकाशा उलगडून दाखवला, आकडे समजावले. गंगाधरनं तो नीट पाहिला आणि म्हणाला, "भैया, नक्शा तो आपने ही बनाया है."

मशीन आलं त्या सकाळी खोली तासाभरात गेली. बाई आतून सतरंज्या, पाट्या काढून शेजाऱ्यांच्या हातात देत होत्या. नरहर दोन्ही हात पुढे करून उभा राहिला. त्यांनी त्याच्या हातात काही दिलं नाही.

पुढं त्यांची मुलगी क्षमा त्यांना शहरातल्याच चौबे कॉलनीत घेऊन गेली. नरहर पहिल्यांदा गेला तेव्हा आई झोपली आहे म्हणून क्षमानं त्याला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा बाई भेटल्या. त्याच्या गुडघ्यांची, त्याच्या मुलाच्या, विशालच्या कॉलेजची चौकशी केली. त्या रागावतील म्हणून तो वाट पाहत राहिला. त्या रागावल्या नाहीत.

"आता जाऊ नका," घरी त्याची बायको रमा म्हणाली. "काहून जाऊन राहिले तुम्ही तिथं?"

तो पुन्हा गेला नाही आणि दोन वर्षांनी बाई गेल्याचं त्याला पेपरात वाचून कळलं.

आता नरहर निवृत्त आहे. रस्ता रुंद झाला, पण दोन्ही कडांना मोटारी उभ्या असतात आणि मधून स्कूटर पूर्वीसारख्याच खोळंबतात. जिथं कुटुंबं राहत तिथं कोचिंग क्लास आणि मोबाईलची दुकानं झाली आहेत. पंडरीच्या कापडबाजारातला एक व्यापारी मोघ्यांचं घर विकत मागतो आहे. नरहर त्याबद्दल विशालशी मराठीत बोलतो, विशाल हिंदीत उत्तर देतो, "बाबा, अब यहाँ अपना बचा कौन है?"

संध्याकाळी नरहर दाराशी खुर्ची टाकून बसतो. जुनी माणसं जाता जाता नमस्कार करतात. तोही हात जोडतो. थांबत कुणी नाही.