ऐकू न आलेला खुळखुळा

“घरी व्यायाम करतेस की नाही, खरं सांग.”

प्रणालीने मान डोलावली. “करते मॅडम. दिवसातून सहा वेळा.”

माझा विश्वास बसला नाही. फिजिओथेरपीत इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते. व्यायामाबाबत सगळेच खोटं बोलतात. गुडघेदुखीवाले आजोबा बोलतात, खांदा आखडलेले वकील बोलतात. या मुलीनेच काय घोडं मारलंय?

समोर मॅटवर तिची चार महिन्यांची स्वरा पडली होती. महिन्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं. त्यांना आम्ही सगळे नुसतं ‘सर’ म्हणतो. चिठ्ठीवर एकच शब्द होता, टॉर्टिकॉलिस.

म्हणजे काय, ते सांगते. कानामागून निघून छातीच्या हाडापर्यंत जाणारा एक लांब स्नायू मानेत असतो, दोन्ही बाजूंना एकेक. त्यातला एक आखडून तोकडा राहिला, की डोकं त्या बाजूला कलतं आणि हनुवटी उलट्या बाजूला जाते. स्वराचा उजवीकडचा आखडला होता. त्यामुळे ती बघायची कायम डावीकडे. लवकर हात घातला तर बहुतेक बाळांची मान शस्त्रक्रियेशिवाय सरळ होते. वेळ दवडली तर डोकं एका बाजूने चपटं होतं, चेहराही एका अंगाने वाढायला लागतो. स्वराच्या डोक्याची डावी बाजू आताच जरा बसकी लागत होती.

उपचाराचे दोन भाग असतात. एक आपल्या हातात. मान हळूहळू ताणायची, ती कशी ते मी आईला शिकवते. (हे वाचून कोणी घरी करू नये. समोर बसून शिकावं लागतं.) दुसरा भाग बाळाच्या मर्जीवर. त्याला आपणहून उजवीकडे वळावंसं वाटलं पाहिजे. त्यासाठी मी एक सूचनापत्रक केलं होतं, चांगलं लॅमिनेट करून. ‘बाळाच्या आखडलेल्या बाजूला, त्याला दिसणार नाही असं बसून खुळखुळा वाजवा. नावाने हाक मारा.’ त्या पत्रकाचा मला अभिमान होता. लपून बसायचं, म्हणजे बाळ आवाजाच्या शोधात मान पूर्ण फिरवतं, असा माझा हिशेब.

महिनाभरात स्वराची मान काडीनेही जास्त वळली नव्हती.

“अगं, तुझं माहेर वळ गावचं ना?” मी वातावरण हलकं करायला म्हटलं. “वळच्या मुलीची मुलगी आणि वळत नाही, हे बरं दिसतं का?”

प्रणाली हसली नाही. बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट करत खालच्या आवाजात म्हणाली, “मॅडम, तिला ऐकू येत नसेल का?”

मी खुळखुळा घेतला. उजव्या बाजूने वाजवला, डोक्यामागे वाजवला. स्वराने डोळेसुद्धा फिरवले नाहीत. डावीकडच्या खिडकीवर तिची नजर खिळली होती. मी फाइलमध्ये लिहिलं, ‘आवाजाला प्रतिसाद नाही?’ प्रणालीने ते वाचलं. शेवटचं प्रश्नचिन्ह सोडून सगळं वाचलं.

ती गेल्यावर मी सरांना फोन लावला.

“मान आखडलेलं बाळ आवाजाकडे वळणार कसं, हे तुम्ही मला सांगायचं की मी तुम्हाला?” सर म्हणाले.

“डोळेही फिरवत नाही, सर.”

मग त्यांचाही सूर बदलला. “बेरा टेस्ट करून घ्या. अंदाजावर बसायला नको. आणि मॅडम, प्रश्नचिन्हं आपल्या डोक्यात ठेवायची असतात. आईच्या समोर नाही.”

बेरा म्हणजे झोपलेल्या बाळाच्या डोक्याला तारा चिकटवून कानात आवाज सोडतात. तो मेंदूपर्यंत पोचतो का, ते मशीन सांगतं. ठाण्याला आठ दिवसांनंतरची वेळ मिळाली.

मधल्या आठवड्यात स्वराला घेऊन तिची आजी आली. मूळची दिघाशी गावची, बोलायला मोकळी. बाळाला मॅटवर ठेवून ती माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, “बाय, माझ्या सुनेचं कायतरी बघ. पोरीशी बोलतच न्हाय. आंघोल घालते, दूध पाजते, तू शिकवली तशी मान तानते. पन तोंडातून शबूद न्हाय. मी इचारलं तं म्हंते, तिला ऐकूच येत न्हाय, तं कोनाशी बोलू.”

मुलीचं नाव स्वरा ठेवणारी आई एका प्रश्नचिन्हापायी मुकी झाली होती, आणि ते चिन्ह माझ्या हातचं होतं. आजीला मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. तिने मान हलवली, पण ऐकलं असं वाटलं नाही.

रिपोर्ट आला. दोन्ही कान उत्तम. प्रणालीने फोन केला आणि “नॉर्मल आहे” एवढं बोलून रडायला लागली. मीही या बाजूला डोळे पुसले, ते तिला दिसायचं कारण नव्हतं.

सरांनी मात्र लगेच कामावर आणलं. “कान झाले. आता मान. ते तुमचं खातं. घर बघितलंत का तिचं?”

नव्हतं बघितलं. क्लिनिकपासून रिक्षाने दहा मिनिटांवर घर, आणि मी महिनाभर पत्रकावर विसंबून बसले होते.

भिवंडीतल्या कामतघरला तिच्या घरी गेले तेव्हा दुपारची जेवणं व्हायची होती. चाळीत एक खोली, स्वच्छ आणि नीटनेटकी. दाराच्या समोरची भिंत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला लागून. भिंतीपलीकडे लूम चालू होते, खटाखट, खटाखट. मांडणीतली ताटं किणकिणत होती, फरशीचा थरकाप तळपायाला जाणवत होता. खाली गादीवर स्वरा पडली होती, डावीकडे बघत. भिंतीवर माझं पत्रक लावलेलं होतं, त्याला हळदीकुंकवाची बोटं तेवढी लावायची राहिली होती.

“कशी करतेस, दाखव,” मी म्हटलं. म्हटलं म्हणजे ओरडले.

प्रणाली मुलीच्या उजव्या बाजूला, डोक्यामागे, दिसणार नाही अशी बसली. तंतोतंत पत्रकात लिहिल्याप्रमाणे. तिने खुळखुळा हलवायला सुरुवात केली.

मी हातभर अंतरावर उभी होते. तिचा हात हलताना मला दिसत होता. खुळखुळा मात्र मला ऐकू आला नाही.

मी भिवंडीतच जन्मले, इथेच वाढले. लूमचा आवाज काय असतो ते मला कोणी सांगायला नको होतं. आणि मी या पोरीला सांगितलं होतं, दिसू नकोस, नुसता आवाज कर. बिचारी महिनाभर दिवसातून सहा वेळा न दिसता, न ऐकू येता मुलीला बोलवत होती. क्लिनिकमध्येही स्वरा त्या खुळखुळ्याला का भीक घालत नव्हती, ते आता समजलं. जी लूमच्या भिंतीला लागून झोपते, तिला त्या चिमूटभर आवाजाचं काय कौतुक? मला इतकी लाज वाटली की मी खाली बसले.

तेवढ्यात स्वराने पाय झाडायला सुरुवात केली. तोंडभर हसली. मी वळून बघितलं, तर दारात तिचा बाप उभा होता.

नितीन त्याच कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. जेवायला आला होता. हातांना ऑइल, केसांत कापसाचा भुगा. त्याने हाक मारली नाही. नुसता तळवा वर केला, मिटला, उघडला. मिटला, उघडला. स्वराचं सगळं अंग नाचायला लागलं.

“हे काय करताय?” मी विचारलं.

तो ओशाळला. “काय नाय मॅडम. कारखान्यात असंच बोलवतो आम्ही. हाक मारून कुणाला ऐकू येतंय? हात उघडला, मिटला, की इधर देखो. मूठ दाखवली की लूम बंद कर. मी येता-जाता हिला पण तसंच करतो. टाइमपास.”

“तसाच हात करत जरा तिच्या पायाकडून या बाजूला या. हळू.”

तो आला. तळवा उघडत, मिटत, एकेक पाऊल. स्वराचे डोळे त्याच्याबरोबर निघाले. डोळे कोपऱ्याला पोचले तशी हनुवटी हलली. मधोमध आली. मधोमधच्याही पुढे, उजवीकडे, दोन बोटं गेली आणि तिथे अडकली. ती कुरकुरली, पण बापाच्या हातावरची नजर तिने काढली नाही.

प्रणालीच्या हातातला खुळखुळा खाली पडला. तो आवाजही कोणाला आला नाही.

मग मला गादी दिसली. गादी अशी घातलेली होती की दार स्वराच्या डाव्या हाताला आणि कारखान्याची भिंत उजव्या हाताला. बाप दारातून येणार, दारातूनच खेळवणार. म्हणजे डावीकडे बघायची रोजची शिकवणी चालू होती आणि उजवीकडे कोरी भिंत.

“गादी उलटी करा,” मी म्हटलं. “पाय तिकडे, डोकं इकडे. दार उजवीकडे आलं पाहिजे.”

आजी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी होती. तिथून ती आडवीच आली. “न्हाय बाय. तिकडं उत्तर हाय. उत्तरंला डोकं करून कोनी झोपवतं का लेकराला?”

मी तोंड उघडलं होतं. स्नायू, हाडं, शास्त्र, सगळं जिभेवर होतं. पण आजच माझ्या शास्त्राने चांगलं तोंड फोडून घेतलं होतं, म्हणून मिटलं. नितीन आईकडे बघत राहिला. प्रणाली खाली.

आजीने नातीकडे पाहिलं. मान पुन्हा डावीकडे गेली होती. आजी पदराला हात पुसत म्हणाली, “झोपायचं न्हाय उत्तरंला. जागेपनी खेलायला कोन नको म्हंतंय? जागी हाय तवर फिरवा. डोला लागला की मी हाय ना सरल करायला.”

इतका चांगला तोडगा मला आठ दिवसांत सुचला नसता. आम्ही गादी फिरवली.

निघताना मी प्रणालीला म्हटलं, “सहा वेळा करत होतीस. मी विश्वास ठेवला नाही. माझं चुकलं.”

ती पहिल्यांदा हसली. “सहा नाही मॅडम. जीव राहायचा नाही म्हणून आठ-नऊ वेळा करायचे. जास्त केलं म्हणून तुम्ही ओरडाल, या भीतीने सहा सांगितलं.”

तेव्हा व्यायामाबाबत सगळेच खोटं बोलतात, हे माझं म्हणणं कायम आहे.

“आणि बोल गं तिच्याशी,” मी सांगितलं. “लूम चालू असले तर कानाशी जाऊन बोल.” ती वाकली आणि मुलीच्या कानाला ओठ लावून काहीतरी म्हणाली. काय ते मला ऐकू आलं नाही. स्वराला आलं असावं. ती एकदम निश्चल झाली, ऐकत राहिली.

पुढचं काम नेहमीचं. मान ताणणं, जागेपणी पोटावर झोपवणं, आणि नितीनचा तळवा. दर आठवड्याला थोडी थोडी मान सुटत गेली. वयाच्या सहाव्या महिन्यात ती उजवीकडे खांद्यापर्यंत वळायला लागली. डोक्याचा बसकेपणा हळूहळू भरत आला. सरांनी तपासून “छान” म्हटलं, त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

पत्रक मी बदललं. खुळखुळ्याच्या ओळीआधी आता एक ओळ माझ्यासाठी आहे: पहिल्या आठवड्यात घरी जाऊन बसावं, आणि त्या घरात काय ऐकू येतं ते ऐकावं.

अकराव्या महिन्यात शेवटच्या तपासणीला तिघं आली. स्वरा मॅटवर बसली होती, पाठ माझ्याकडे. मी तिच्या मागे, उजव्या बाजूला, टेबलाशी फोनवर बोलत होते, एका आजोबांना व्यायामावरून झापत. बोलता बोलता मला जाणवलं की कोणीतरी बघतंय. स्वराने मान उजवीकडे पुरी वळवली होती, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत. मी बघेना, तसा तिने हात वर केला. तळवा उघडला, मिटला. उघडला, मिटला.

मी फोन ठेवला आणि तिच्याकडे वळले.