किलिमांजारोच्या पायथ्याशी ताई

चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा, टेबलावर तळहात आपटायचा आणि विचारायचं, "कोणी मरणार आहे का? नाही ना? मग आधी चहा."

परदेशात, तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर बंद पडला किंवा क्लायंट फोनवर किंचाळला, की ताई हे विचारायची. ती आमची मॅनेजर. मूळची पुण्याची, एकटा जीव, पन्नाशीला टेकलेली. पहिल्या दिवशी मी तिला 'अहो ताई' म्हणाले, तर म्हणाली, "अहो-जाहो केलंस तर अप्रेझल बिघडवीन." चिनी सहकारी तिला 'मिस ताई' म्हणत. ताई हे त्यांच्यात आडनावही असतं, त्यामुळे हिचा आजोबा चिनी असणार अशी एकाची पक्की खात्री होती. ताईने ती कधी मोडली नाही. उलट चिनी नववर्षाला त्याच्याकडून हक्काने संत्री घ्यायची.

तुमच्याही ओळखीत एखादं असं माणूस असेल, ज्याला पन्नाशी चढते. ताईला किलिमांजारो चढला. पुण्याहून भाऊ चारधामचा आग्रह करत होता. "देवाच्या इतक्या जवळ जायची मला घाई नाही," ती म्हणाली, "डोंगर चालेल." मग जुरोंग ईस्टच्या आपल्या इमारतीत ती पाठीवर तांदळाची पिशवी घेऊन रोज जिने चढू लागली. शेजारची चिनी आँटी काळजीने विचारायची, "लिफ्ट स्पॉइल, आह?" रविवारी ती आम्हाला पुलाउ उबीन बेटावर सायकली हाणायला नेई. तिथे मात्र पहिल्या शहाळेवाल्यापाशीच तिचा सराव संपायचा.

शेवटी आम्ही ऑफिसातले पाचजण टांझानियातल्या मोशी गावी पोचलो. किलिमांजारोच्या अगदी पायथ्याचं गाव. पण डोंगराचा पत्ता नाही, नुसते ढग. ताई गेस्ट हाउसच्या गच्चीवर कमरेवर हात ठेवून उभी. "मुलगा दाखवायला बोलावलं आणि मुलगाच बाहेर येईना!" संध्याकाळी ढग जरा बाजूला झाले. आम्ही शोधत होतो त्याच्या कितीतरी वर, आकाशातच, पांढरं शिखर होतं. ताईने कमरेवरचे हात खाली घेतले. मग हळूच म्हणाली, "केवढा आहे मेला!"

चढायला सुरुवात केली आणि घात माझाच झाला. ऑफिसात धावपटू म्हणून मिरवणारी मी दुसऱ्याच मुक्कामावर ओकू लागले. डोकं फुटेल असं दुखत होतं, पाय भलतीकडे पडत होते. वाटाड्या म्हणाला, उंचीवरची विरळ हवा बाधली, हिला लगेच खाली न्यायला हवं. त्याचा मदतनीस मला नेणार होता, बाकीच्यांनी पुढे जायला काहीच हरकत नव्हती. ताईने पाठपिशवी उचलली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"ताई, तू जा ना वर," मी रडत म्हणाले. "इतके जिने चढलीस."

"मी सगळ्यांना काय विचारते, सांग बघू."

"कोणी मरणार आहे का."

"आज पहिल्यांदाच त्याचं उत्तर मला ठाऊक नाही. चल, ऊठ."

खाली उतरताना तिने माझा दंड एकदाही सोडला नाही. तोंड मात्र सुरू होतं. "ओकायचं तर डावीकडे ओक. उजवीकडे माझे बूट आहेत."

मोशीत पोचले आणि मी ठणठणीत झाले. इतकी की मला लाज वाटावी. बाकीचे परत येईपर्यंत आम्हा दोघींना गावात मुक्काम करणं भाग होतं. ताईने गावच ताब्यात घेतलं. साबणाला सबुनी, दुकानाला दुका, चहाला चाय म्हणतात हे कळल्यावर तिने जाहीर केलं, "अर्धी भाषा तर आपलीच आहे. उरलेली मराठीत बोलू." आणि बाजारात ती खरोखरच मराठीत भांडली. केळीवाल्या बायका हसून हसून लोळल्या आणि वर एक फणी जास्त देऊन गेल्या.

दुकानांच्या व्हरांड्यांत शिलाई मशीन मांडून शिंपी बसत. त्यांतल्या एका जाडजूड बाईकडे ताईने झगा शिवायला टाकला आणि तिथेच पायरीवर बैठक मारली. दुसऱ्या दिवशी त्या बाईने तिच्या हातात सुई ठेवली. ताई गुंड्या लावू लागली. ती स्वाहिलीत नवऱ्याच्या तक्रारी सांगे, ही मराठीत क्लायंटच्या. दोघी एकदमच मान हलवत.

एका सकाळी आभाळ लख्ख होतं. रस्त्याच्या टोकाशी सगळा डोंगर उघडा पडला होता. ताईचा हात थांबला. ती बघतच राहिली.

मी विचारलं, "वाईट वाटतंय ना?"

वाटलं होतं, थट्टा करेल. ती म्हणाली, "हो. खूप." डोळे पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. मग नाक ओढून म्हणाली, "आता काय, छाती पिटू? दोरा दे इकडे."

बाकीचे तिघे शिखर गाठून परतले, तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या तिनेच वाजवल्या.

पुढे कंपनीने आमचं काम दुसऱ्या देशात हलवलं. ताईने नवी नोकरी शोधली नाही. "इथे काम करायचा पास संपतोय, मीही संपवते," म्हणाली. आम्ही तिला चांगी विमानतळावर पोचवायला गेलो. अंगावर सुती कुडता आणि पायात ते डोंगराचे भलेथोरले बूट. बॅगेत मावेनात म्हणून घातलेले.

"पुण्यात कशाला हवेत हे?" मी विचारलं.

"पर्वती आहे की. रोज चढीन. तिथे कोणी ओकत नाही."

मी तिला मिठी मारली. तिने माझ्या पाठीवर दोन सणसणीत थापा मारल्या आणि वळली. विमानतळाच्या मऊ गालिच्यावरून ती धपधप चालत निघाली. पुढच्या माणसांनी वळून पाहिलं, एका लहान मुलीने बोट दाखवलं. ताईने त्या मुलीसाठी गुडघा उंच उचलून एक जास्तीचं दणदणीत पाऊल टाकलं आणि दारापलीकडे गेली.