आमचा गेम खेळायचा कशावर?

घरी गेम बनवणाऱ्यांना किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. एक सांगायला घेतला की त्याच्यामागे दुसरा दार ढकलून आत येतो.

आम्ही तिघं. मिलिंद प्रोग्रॅम लिहितो, वैशाली चित्रं काढते, मी संगीत देतो. रविवारी प्रताप नगरला मिलिंदच्या घरी बसायचं आणि जुन्या वळणाचे, मोठ्या चौकोनी ठिपक्यांचे गेम बनवायचे. पहिला गेम तयार झाला तेव्हा तो भारी आहे याबद्दल आम्हाला शंका नव्हती. प्रश्न एवढाच, खेळायचा कशावर? मोबाइलवर अर्धा गेम अंगठ्याखाली जातो. खरी बटणं असलेलं, हातात धरायचं यंत्र हवं होतं.

*

पहिलं यंत्र मिलिंदने ऑनलाइन मागवलं. शर्टाच्या खिशात मावेल एवढं. गेममधला बिबट्या वैशालीने खूप खपून काढला होता, अंगावरच्या ठिपक्यांसकट. तिने यंत्र डोळ्यांजवळ नेलं.

"माझा बिबट्या कुठं गेला?"

"तो काय, धावून राहिला," मी बोट ठेवून दाखवलं.

"मले तर मुंगी दिसून राहिली."

मिलिंद शांतपणे म्हणाला, "मग गेमचं नाव बदलू."

*

दुसऱ्याचा स्क्रीन मोठा आणि चकचकीत. वैशाली कळमेश्वरला एका कारखान्यात नोकरी करते. बसमध्ये खेळून बघते म्हणून घेऊन गेली. जागा खिडकीची आणि ऊन एप्रिलचं.

"कसं वाटलं वं?" मिलिंदने विचारलं.

"मस्त आहे. पण कळमेश्वर येईपर्यंत मले माझंच तोंड दिसलं."

"मग खेळली कशी?"

"अंदाजानं. तुझ्यापेक्षा जास्त पॉइंट आहेत, पाहून घे."

पाहिलं. होते.

*

तिसरं मी निवडलं, आवाजावरून. टेबलावर ठेवून ऐकलं तर माझं संगीत खोलीभर. मिलिंदने ते हातात घेतलं आणि संगीत गायब. स्पीकर नेमका खाली, तळहात टेकतो तिथेच.

"तुझं संगीत ऐकाचं तर हात काढा लागते गा," तो म्हणाला, "अन् हात काढला का बिबट्या मरते."

वैशालीने यंत्र घेतलं, दोन्ही तळहात घट्ट दाबले आणि म्हणाली, "मले हे आवडलं."

*

चौथ्याची बटणं अशी खणखणीत की दाबल्याचं समाधान मिळावं. मिलिंदची आई बाहेरच्या खोलीत बुद्धवंदना घेत होती आणि आत आमची टकटक चालू होती. वंदना आटोपून ती दारात आली.

"काय छापून राहिले रे?"

"गेम खेळून राहिलो, आई."

"असं होय," ती मिलिंदकडे बघत म्हणाली. "मले वाटलं, तुझ्या लग्नाच्या पत्रिका."

*

मिलिंदचे बाबा बस चालवायचे. निवृत्त झाले आणि काही दिवसांत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी रोज अंगठा हलवायला सांगितलं आणि त्यासाठी रबरी चेंडू दिला. बाबांनी तो खिडकीत ठेवून दिला, तो तिथेच राहिला.

मग मिलिंदने आमची सगळी यंत्रं त्यांच्यापुढे मांडली. बाबांनी डाव्या हाताने एकेक उचलून पाहिलं आणि आम्ही कधीच बाद केलेलं, जाडजूड, मोठ्या बटणांचं यंत्र ठेवून घेतलं.

"हे हातात आहे असं समजते," म्हणाले.

मिलिंदने त्यांच्यासाठी गेम बदलला. चालणं, थांबणं डाव्या हाताच्या बटणांवर होतंच. उजवीकडच्या बटणाचं उडीचं काम त्याने काढून टाकलं. खड्डा आला की बिबट्या आपोआप उडी मारायचा. आम्हा तिघांनाही हे फार छान सुचलंय असं वाटत होतं.

बाबा खेळायला लागले. यंत्र मांडीवर, डावा अंगठा बटणांवर. एक खड्डा गेला, दुसरा गेला. ते थांबले.

"उडी कोण मारून राहिलं?"

"आपोआप मारते, बाबा. तुमच्या हाताले त्रास नको म्हणून."

बाबांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, यंत्रावर आणून ठेवला. अंगठा धरून त्या निकामी बटणावर नीट बसवला.

"उडी परत इथं लाव," म्हणाले.