टाक्यातलं शिसं

गावात नळकाम करणारे तिघे होते, पण भिंतीच्या पोटातली गळती शोधायची म्हटलं की बोलावणं एकालाच जायचं. तो लांब स्क्रूड्रायव्हर भिंतीला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. दोन मिनिटांत म्हणायचा, "इथं फोडा." ओल तिथंच सापडायची. म्हणून सगळे त्याला गळतीदादा म्हणत. चारचौघांत कुणी अशी हाक मारली की बायको लाजेनं चूर व्हायची. त्याला त्याचं काही नव्हतं.

बायकोच्या माहेराला मात्र याहून कडू नाव चिकटलेलं होतं. गावाच्या डोक्यावर, सरहद्दीच्या कड्याला लागून, एक पडका किल्ला आहे. दोनशे वर्षांपूर्वी शत्रूनं त्याला वेढा घातला आणि एकेचाळिसाव्या दिवशी किल्ल्याचं दार आतून उघडलं. कोठारात धान्य होतं, माणसं धडधाकट होती, तरी दार उघडलं. म्हणजे दारावरचा पहारेकरी फितूर झाला, असं लोकांनी ठरवून टाकलं. ती त्याच पहारेकऱ्याच्या घराण्यातली. शाळेत तो धडा आला की अख्खा वर्ग मान वळवून तिच्या बाकाकडे बघायचा. वडील शिंपी, हातात कसब असलेले, पण बाही जरा आखूड झाली की गिऱ्हाईक म्हणायचं, "फितुराच्या घरचं माप!" म्हातारा तोवर आयुष्यात कधी किल्ल्याची पायरी चढला नव्हता.

एके वर्षी किल्ल्याची देखभाल करणाऱ्या खात्यानं तिथलं पाण्याचं जुनं टाकं साफ करायचं काम गळतीदादाला दिलं. खडकात खोदलेलं, दोन पुरुष खोल टाकं. गाळ उपसण्यात अकरा दिवस गेले. मग टँकरनं पाणी भरलं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी टाकं कोरडं ठणठणीत!

आपल्या हातचं काम गळतंय म्हटल्यावर त्याच्या जिवाला लागलं. तो खाली उतरला, गुडघ्यांवर बसला आणि तळ इंच इंच खरवडू लागला. एका कोपऱ्यात भेग सापडली, हातभर लांब आणि बोटभर रुंद. ती कुणीतरी बुजवली होती, एकदा नव्हे, तीनदा. सगळ्यात खाली नीट घोटलेला चुना. त्यावर चिंध्या आणि चिकणमाती, घाईघाईनं कोंबलेली. मातीत अंगठ्यांचे ठसे होते, एक मोठा, दोन लहान. आणि सगळ्यात वर ओतलेलं शिसं. त्या शिशात बंदुकीची एक गोळी अर्धवट वितळून अडकलेली होती.

गळतीदादा तिथंच फतकल मारून बसला. तोफांच्या हादऱ्यानं तळ फुटला असणार. उरलंसुरलं पाणी भांड्यांत काढून घेऊन वेढ्यात अडकलेल्या लोकांनी स्वतःच्या शिशाच्या गोळ्या वितळवल्या होत्या, भेग बुजवायला. आणि तरीही ती बुजली नव्हती.

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "माझ्या समाधानासाठी काहीतरी जुळवू नका."

"गळतीच्या बाबतीत मी कधी काही जुळवलंय का?"

तेव्हा कुठे तिनं मान वर केली.

त्यानं खात्याला कळवलं. इतिहास बघणाऱ्या बाई तिथून आल्या, शिडीनं टाक्यात उतरल्या, बराच वेळ भिंग लावून बसल्या. वर आल्यावर म्हणाल्या, "दादा, पाणी संपलं होतं एवढं यावरून म्हणता येईल. फितुरी झालीच नाही, हे कसं म्हणू?"

"बाई, धान्य कोरडं चावता येत नाही. आत बायका-पोरं होती. पाणी संपल्यावर दार उघडणाऱ्याला फितूर म्हणायचं की तहानलेला, ते तुम्ही ठरवा."

बाईंनी त्याचा शब्द नुसता ऐकून सोडला नाही. त्यांनी सरहद्दीपलीकडच्या दफ्तरखान्याशी पत्रव्यवहार केला आणि आठ महिन्यांनी वेढा घालणाऱ्या सेनापतीच्या रोजनिशीचं एक पान हाती लागलं. त्यात लिहिलं होतं, किल्लेदाराच्या हुकमानं दार उघडलं, आणि बाहेर आलेली माणसं आधी घोड्यांच्या पाण्यावर तुटून पडली.

किल्ल्याच्या दारावरची फितुरीची हकीकत सांगणारी पाटी बदलली; नव्या पाटीवर संपलेलं पाणी आणि किल्लेदाराचा हुकूम आला. सासऱ्याला न्यायला गळतीदादा स्कूटर घेऊन गेला, तेव्हा म्हातारा स्वतः शिवलेला कोट चढवून उंबऱ्यातच उभा होता. पाटी त्यानं स्वतः वाचली, मग मुलीकडून वाचून घेतली, आणि अनोळखी पाहुण्यालाही वाचायला लावली. त्यानंतर दर आठवड्याला त्याची किल्ल्यावर फेरी ठरलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून तो ती हकीकत सांगतो, आणि दर खेपेला टाकं थोडं अधिक खोल होतं. गळतीदादा शेजारी बसून ऐकतो. खोलीबद्दल चकार शब्द काढत नाही. शिसं कसं ओततात हे चुकलं, तरच मध्ये बोलतो.